मूलच्या पुढे, ‘उत्तर’ नावाच्या हॉटेलात

हे वाचून कोणी तिकडे जायचा बेत करणार असेल, तर आधीच सांगून टाकतो : ते हॉटेल आता बंद आहे. चंद्रपूरजवळचं मूल गाव जागेवर आहे, तलाव आहे, तलावामागचं जंगलही आहे. पण मी जिथे बसून जेवलो तिथे आता कोणी जेवत नाही. तरी लिहायला बसलोय, कारण परत आल्यापासून चिपळुणात जो तो विचारतो, “काय नाना, वाघ दिसला का?” वाघ नाही दिसला. जे दिसलं ते रस्त्यात उभ्याउभ्या सांगण्यासारखं नाही.

माझी चिपळुणात खानावळ आहे. मासे, भाकरी, सोलकढी, संपला मेनू. बऱ्याच वर्षांपूर्वी नागपूरच्या हॉटेल मॅनेजमेंटच्या कॉलेजातून एक मुलगी माझ्याकडे शिकायला आली, प्रणाली रामटेके. तिच्या बरोबरीची मुलं गोव्याच्या मोठमोठ्या हॉटेलांत गेली. हिला मासा शिकायचा होता, आणि कोणी तरी हिला माझं नाव सांगितलं होतं. आमच्याच घरात राहिली. स्वयंपाकघरात पाऊल टाकताटाकताच झाकलेल्या पातेल्यात काय आहे ते सांगायची. नुसतं सुरमई की बांगडा एवढंच नाही, तर “काकू, कोथिंबीर कालची आहे,” असंही. माझी बायको कुंदा तिला मांजर म्हणायची.

पुढे ती मुंबईला गेली, तिथून डेन्मार्कला. कोपनहेगनच्या एका नावाजलेल्या हॉटेलात भाज्या निवडण्यापासून सुरुवात करून चुलीपर्यंत पोचली. करोनाच्या साथीनंतर एकदम परत आली आणि मूलच्या पुढे, आईच्या माहेरच्या जागेत, तिने स्वतःचं हॉटेल काढलं. पद्धत तिकडची, माल इकडच्या जंगलातला. नाव ठेवलं ‘उत्तर’. उत्तर दिशा या अर्थाने. “काका, एकदा येऊन जेवा,” असं दर फोनला म्हणायची. मी “येतो, येतो” करत राहिलो. गेल्या पावसाळ्यात तिची आई वारली तेव्हा मी गुडघ्यामुळे बिछान्याला खिळलेला. शेवटी मार्चअखेर निघालो. पिशवीत कुंदाने आमसुलं, कोकमाचं आगळ आणि सुक्या कोळंबीचे सोडे बांधून दिले.

ऊर्जानगर

चंद्रपूर स्टेशनावर प्रणालीचे वडील घ्यायला आले होते. रामटेके भाऊंनी सगळी नोकरी औष्णिक वीज केंद्रात काढली. क्वार्टर सोडावं लागलं तेव्हा ऊर्जानगरच्या फाटकाबाहेरच घर बांधलं, कारण केंद्राच्या धुराच्या चिमण्या दिसल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटत नाही म्हणे. “जय भीम, भाऊ,” म्हणत त्यांनी माझी पिशवी ओढून घेतली आणि स्कूटरच्या पुढच्या बाजूला ठेवली. मार्चातच असं ऊन, की आमच्याकडे मे महिन्यातही नसतं. आमच्या उन्हाला घाम येतो. इथलं ऊन सुकं, कातडी ओढून घेणारं. आणि सगळीकडे कोळशाचा वास. वाळत घातलेल्या कपड्यांना, पाण्याच्या माठाला, भाऊंच्या सदऱ्याला.

घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी सुलोचनाबाईंचा फोटो होता. भाऊंनी स्वतः वरण-भात आणि वांग्याची भाजी केली होती. भात त्या भागातला, बारीक आणि सुवासिक. मी तिसऱ्यांदा वाढून घेतला.

“पोरगी काई खात नाई, भाऊ,” ते अचानक म्हणाले. “आई गेली तवापासून पानावर बसते, चावते, गिळते. चव घेऊन खात नाई. लोकायले इतकं चांगलं बनवून खिलवते, अन् स्वतः अशी जेवते जसं गोळी घेऊन राह्यली. तुम्ही तिले समजावा. तुमचं ऐकते ते.”

“दुःख आहे, भाऊ. जाईल हळूहळू,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

“तिची आई रोज बसनं मूलले जाये. सकाळी जाये, रात्री येये. मी म्हणो, काऊन एवढी धावपळ करते, पोरगी मोठ्या देशातून शिकून आली. तर म्हणे, मी असली का तिले बरं वाटते.” ते फोटोकडे बघत राहिले. “शेवटपर्यंत गेली. ताप होता तवाही गेली.”

मूलच्या पुढे

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रणाली जीप घेऊन आली. वाळली होती. केस बारीक कापलेले, हातावर भाजल्याचे डाग. वाकून नमस्कार केला आणि मग लहान मुलीसारखी मला मिठी मारली. मूलपर्यंत कापलेली धानाची शेतं, राईस मिलची धुराडी, कोंड्याचे ढीग. मूल सोडलं की जंगल रस्त्याला येऊन भिडतं. पानगळ झालेली, झाडं उघडी, मध्येच पळस पेटलेला. तलावाच्या पाळीवरून वळलो आणि कौलारू छपराची, मातीच्या रंगाची एक लांबट इमारत दिसली. पाटी एवढीशी.

“गावातले लोक विचारतात, कशाचं उत्तर?” प्रणाली हसली. “बाबा सांगतात, प्रश्न काय होता तेच माहीत नाई.”

आत गेलो आणि मला वाटलं सामान यायचं राहिलंय. सागाची कोरी टेबलं, टेबलावर कापड नाही, भिंतीवर चित्र नाही. भर दुपारी प्रत्येक टेबलावर मेणबत्ती. डेन्मार्कमध्ये म्हणे अंधाराचे दिवस इतके, की मेणबत्ती लावायची सवयच लागते. स्वयंपाकघराला भिंतच नव्हती. रांधणारा आणि जेवणारा एकमेकांसमोर. माझ्या खानावळीत मी हे केलं तर गिऱ्हाईक पहिल्याच दिवशी चुलीजवळ येऊन सूचना द्यायला लागेल.

एका बाजूला बार. म्हणजे एकच जाड फळी, मागे काचेच्या बरण्या, त्यांत मोहाच्या दारूत मुरत घातलेली पानं, साली, बिया. तिकडे बटाट्याच्या दारूत शहाजिरं मुरवतात, हिने मोहात ओवा मुरवला होता. न पिणाऱ्यांसाठी अंबाडीच्या फुलांचं आंबवलेलं सरबत. लहानशा पेल्यात ओतून ती म्हणाली, “काका, पिताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. नाही बघितलं तर तिकडे अपमान समजतात.” आमच्याकडे पिणारा माणूस गोठ्यामागे, पाठ करून पितो. मी तिच्या डोळ्यांत बघून घोट घेतला आणि मला ठसका लागला. ती खळखळून हसली. इथून पंधरा-वीस मैलांवर वैनगंगा, आणि नदीपलीकडे गडचिरोली, तिथे दारूबंदी. “पलीकडचे लोक पुलावरून येतात आणि अंबाडीचं सरबत मागतात,” ती म्हणाली. “आणि सरबत म्हणताना डोळा मारतात.”

संध्याकाळी जेवायला बसलो. माझ्याशिवाय नागपूरचं एक जोडपं होतं, जंगल बघायला आलेलं. प्रत्येक पदार्थ ती स्वतः घेऊन येई आणि कुठून आला ते सांगे. पहिलं ताट बघून मी गोंधळलो. करड्या मातीच्या ताटलीत गोल गुळगुळीत चार गोळे. एक उचलून चावला तर दाढेतून कळ गेली. दगड! तीन तलावाकाठचे दगड आणि एक राखेत भाजलेला बटाटा. डेन्मार्कात म्हणे असंच मांडतात. शेजारचं जोडपं तोंड फिरवून हसलं. मीही हसलो, पण जिभेने दाढ चाचपून घेतली.

मग आला मासा. तलावातला मरळ, मीठ-साखरेत दाबून ठेवून धानाच्या तणसाच्या धुरावर धरलेला, वर शेपू. शेपू! आमच्या घरात शेपूचं नाव काढलं तर मुलं जेवणावरून उठतात. पण तो मासा आणि तो शेपू, आयुष्यभर मासा रांधून मला हे सुचलं नाही याचं वैषम्य वाटलं. लाल मुंग्यांची चटणी होती, लिंबासारखी आंबट. या जंगलात ती पिढ्यान् पिढ्या खातात. “कोपनहेगनला ताटलीत मुंग्या ठेवल्या की लोक फोटो काढायचे,” प्रणाली म्हणाली. “मी शाळेत असताना डब्यात ही चटणी होती म्हणून एका मुलीने माझ्याशेजारची जागा सोडली होती.”

त्यानंतर काळसर पाव आणि जवस घातलेलं लोणी. पाव उत्तम. लोण्याचा घास तोंडात घेतला आणि मी थांबलो. जवस खवट झालं होतं. थोडं नाही, चांगलंच. जुन्या तेलाच्या डब्याचा वास. खानावळवाल्याला हा वास झोपेतही कळतो, आणि प्रणालीला तर तो दारातूनच कळला असता. मी मान वर केली. ती ओट्यामागे उभी राहून माझ्याकडे बघत होती. माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या हाताकडे. नागपूरच्या बाईने लोणी सुरीने बाजूला सारलं. प्रणालीने तेही बघितलं.

मी लोणी संपवलं. चाटूनपुसून. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

नदीपलीकडे

मोह पहाटे पडतो. उजाडायच्या आत आम्ही जीपने वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोलीच्या हद्दीत शिरलो. तिथल्या एका पाड्यावरच्या सोमीबाई मडावी प्रणालीला मोह देत. ठेंगणी, काटक बाई, कपाळावर गोंदण. “जोहार,” म्हणून त्यांनी मला टोपली दिली आणि कामाला लावलं. पाहुणा वगैरे काही नाही. झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली, त्यावर पिवळट, रसाळ फुलं. बायका मोठमोठ्याने बोलत वेचत होत्या. वाघाला माणसं आहेत हे कळावं म्हणून. त्या जंगलात मोह वेचायला वाकलेली बाई परत आली नाही, असं घडलेलं आहे, आणि तरी पहाटे सगळ्या जातात.

आणि वास! मोहाच्या वासाबद्दल ऐकलं होतं, पण हे काही वेगळंच. गोड, जड, थोडासा तांदूळ शिजतानाचा, थोडासा पिकल्या फणसाचा. मी मूर्खासारखा नुसता श्वास घेत उभा होतो. “प्रणाली, अगं, काय हे!” मी म्हणालो. “हो ना,” ती म्हणाली.

एका खोलगट जागी पाणी मुरून फुलांचा थर साचला होता. तो आंबून काळा पडला होता आणि त्याची घाण मला चार हातांवरून येत होती. प्रणालीने वरवरची बरी फुलं बघून तिथेच ओंजळ भरली, नाकाशी नेली आणि डोळे मिटले. “छान आहे,” म्हणाली आणि टोपलीत टाकायला निघाली.

सोमीबाईंनी तिचा हात धरला. “फेक ते. सडलं आहे.” त्या हसत होत्या. मग हसू थांबलं. त्यांनी तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. “काऊन बाई, तुले वास येत नाई का?”

प्रणालीने ओंजळ तशीच धरून ठेवली होती. बोटांमधून काळं पाणी गळत होतं.

“नाई येत,” ती म्हणाली.

परतताना पुलावर तिने जीप थांबवली. खाली वैनगंगा, पाणी कमी, वाळूच जास्त. स्टिअरिंगवर हात ठेवून तिने सगळं सांगितलं. साथीत तिला कोपनहेगनलाच आजार झाला. ताप उतरला, वास गेला. सुरुवातीला सगळ्याला जळक्या रबराची घाण यायची. मग तीही गेली. डॉक्टरांनी लिंबू, लवंग, गुलाब, निलगिरी अशा बाटल्या दिल्या, रोज हुंगायच्या. ती हुंगत राहिली. हॉटेलात मालकाला सांगितलं तेव्हा तो रडला म्हणे, आणि दुसऱ्या आठवड्यात तिला भांडारात बसवलं.

“जिभेला खारट, गोड, आंबट, कडू एवढं कळतं, काका. बाकी सगळा कागद. मला वाटलं, लहानपणापासून ज्या वासात वाढले तो तरी येईल. कोळशाचा. मोहाचा. आल्या आल्या बाबांच्या गाडीवरून वीज केंद्राभोवती चकरा मारल्या. पहिल्या मोसमात मी आणि आई पहाटेपासून झाडाखाली बसलो होतो. आई विचारायची, आला का? आला का?”

“मग हॉटेल कशाला काढलंस?”

“दुसरं काय येतं मला?” ती म्हणाली. “आणि आई होती. ती प्रत्येक गोष्ट चाखायची. मी कृती करायची, ती सांगायची, पोरी, यात धूर जास्त झाला, हे अजून एक दिवस राहू दे. तिने डेन्मार्क नकाशावरही बघितलं नव्हतं. पण तिच्या जिभेवर मी ते जेवण उभं केलं. बाबांना सांगू नको म्हणाली. त्यांना झोप लागणार नाही.”

आई गेल्यापासून ती आठवणीने रांधत होती, आणि परत आलेल्या ताटल्यांवरून समजून घेत होती. काय उरलं, कोणी काय बाजूला सारलं.

“काल लोणी कसं होतं?” तिने विचारलं.

मी सांगितलं.

“तुम्ही संपवलंत,” ती म्हणाली. “म्हणून मला वाटलं, बरं झालं असेल.”

जेवण

त्याच्या दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या एका सहल कंपनीची माणसं जेवायला येणार होती. त्यांना पसंत पडलं असतं तर जंगल बघायला येणारे त्यांचे सगळे पाहुणे मोसमभर इथे जेवले असते. आईच्या जागी तुम्ही चाखाल का, असं प्रणालीने मला विचारलं, आणि मी हो म्हणालो. विचार करावा लागलाच नाही. खरं सांगायचं तर मला उत्साह आला. म्हातारपणी कोणी कामाचा म्हणालं की येतो तसा.

सकाळपासून आम्ही भिडलो. खराब जवस टाकून दिलं, नवं भाजलं. ती कापायची, दाबायची, धुरावर धरायची. मी चाखायचो आणि बोलायचो. “धूर पुरे.” “याला अजून आंबट हवं.” हात तिचे इतके सुंदर चालत होते, की मी मध्येच चाखायचं विसरून बघत राही. लाखोळीच्या डाळीची पेज पानचट लागली. काय कमी आहे ते मला नेमकं सांगता येईना. मग पिशवीतलं आगळ आठवलं. चमचाभर घातलं आणि पेज जागी झाली. कोंबडीच्या रशात सोडे कुटून टाकले. तिने काही विचारलं नाही. मी “हं, आता झालं,” म्हणालो की ती पुढच्या पदार्थाकडे वळे.

सूर्य बुडताना पाहुणे आले. रामटेके भाऊही आले होते, इस्त्रीचा सदरा घालून, कोपऱ्यातल्या टेबलावर अवघडून बसलेले. पाहुण्यांना पहाटे जंगलात जायचं होतं म्हणून जेवण लवकरच सुरू झालं. ताटल्या कोऱ्या होऊन परत यायला लागल्या. मरळ संपला. पाव पुन्हा मागितला. पेज तर एकाने ताटली तोंडाला लावून प्यायली. कंपनीच्या ज्या मुख्य बाई होत्या त्या ओट्याजवळ आल्या आणि प्रणालीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “मला माझी आजी आठवली. आमचं गाव मालवणजवळ. हे तुम्हांला इथे, या जंगलात कसं जमलं?”

प्रणालीने माझ्याकडे बघितलं. एकदाच.

बाईंनी तिथल्या तिथे होकार दिला. त्यांच्या गाड्या गेल्यावर मी टाळी द्यायला हात पुढे केला. तिने तो बघितलाच नाही. ती वडिलांच्या टेबलाकडे गेली. भाऊंनी सगळं खाल्लं होतं, मायेने, एकेक घास.

“कसं झालं, बाबा?”

“मस्त झालं. एकदम मस्त.” मग साधा माणूस खरं बोलून गेला. “पण हे तुह्या आईच्या हातचं नाई वाटलं. पहिले कसं, काईही खाल्लं, परदेशातलं असलं तरी, मांगून सुलोचनाच लागे. आज नाई लागली.”

प्रणाली त्यांच्यासमोर बसली आणि तिने त्यांना सांगितलं. सगळं. भाऊ ऐकत राहिले. मेणबत्तीचं मेण टेबलावर ओघळत होतं, ते बोटाने गोळा करत राहिले. मला वाटलं होतं, ते मुलीला जवळ घेतील.

“तुह्या आईले माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“दोन वर्षं?”

“हो, बाबा.”

“मंग तिनं मले काऊन नाई सांगतलं?” ते म्हणाले. “ताप घेऊन बसमध्ये जाऊन राह्यली होती. मी भांडलो तिच्याशी. म्हणलं, तुले घर सुचत नाई. मले काऊन नाई सांगतलं तिनं?”

याचं उत्तर द्यायला सुलोचनाबाई नव्हत्या. भाऊ उठले, बाहेर पाळीवर जाऊन उभे राहिले. प्रणाली त्यांच्यामागे गेली नाही. मी ताटल्या उचलल्या, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

सकाळी तिने कंपनीच्या बाईंना फोन करून नकार कळवला आणि धुराच्या खोलीतली आग पाणी ओतून विझवली. मी समजावायला गेलो. चांगली जीभ असलेला कोणी माणूस ठेव म्हणालो. काही महिने मीच राहतो म्हणालो. तेही मनापासून.

“काका, काल तुमचं जेवण झालं,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. “फार चांगलं झालं. लोक खूश होऊन गेले, आणि मला त्यातल्या एका घासाचंही काही ठाऊक नाही. आई चाखायची तेव्हा ती मला माझ्याच लहानपणातलं काहीतरी सांगत असायची. मी ते समजू शकत होते. काल मी म्हणजे नुसते हात होते.”

“हातांनाही किंमत आहे गं.”

“आहे ना. पण मला हात व्हायचं नव्हतं.”

वडसा

परतीचं तिकीट गोंदियाहून होतं, आणि गोंदियाची सोयीची गाडी वडशाला मिळते, म्हणून ती मला तिथे सोडायला आली. वडसा म्हणजे तांदळाचा बाजार आणि झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. हिवाळाभर इथून नाटक कंपन्या गावोगाव जातात. आता मोसम संपला होता. स्टेशनच्या रस्त्यावर एका ट्रकमधून रंगवलेले पडदे उतरवत होते, राजवाडा, जंगल, पुन्हा राजवाडा. उतरवणारा माणूस तोंडाने एका नाटकातला संवाद म्हणत होता आणि दुसरा त्याला हसत होता.

“आता काय करशील?” मी विचारलं.

“बाबांजवळ राहीन काही दिवस. ते माझ्याशी बोलत नाहीयेत. आईच्या फोटोशीही नाही.”

“नंतर?”

तिने खांदे उडवले. तिला काम मिळेल, हे मला माहीत आहे. शिकलेली आहे, इंग्रजी आहे. कुठल्याशा ऑफिसात, बँकेत. लोक म्हणतील, बरं झालं, सुटली चुलीतून. मी तिला आमच्या स्वयंपाकघरात झाकणाला हात न लावता नाक वर करून उभी राहिलेली बघितलं आहे. बँकेत काम करताना ती कशी दिसेल, ते मला डोळ्यांसमोर आणता येईना.

गाडीला अवकाश होता. टपरीवर चहा घेतला. ती कप दोन्ही हातांत धरून बसली होती, वाफ चेहऱ्यावर येऊ देत. मग म्हणाली, “काका, कसा आहे, सांगा ना.”

मी सांगायला लागलो. आलं भरपूर आहे, ठेचलेलं, किसलेलं नाही. वेलची नाही. दूध खाली किंचित लागलंय, पण वाईट नाही, खरपूस वाटतं. पत्ती हलकी, पुन्हा उकळलेली. सकाळपासूनचंच पातेलं असावं. ती डोळे मिटून ऐकत होती, मध्ये मान हलवत होती. माझं सांगून झालं तरी ती तशीच बसली होती, अजून काही राहिलं असेल म्हणून.

“आणि तुला?” मी विचारलं.

“गरम आहे,” ती म्हणाली.